विकायची नसेल तर नका विकू, पण फियाट कुजवू नका

जुन्या फियाटचा मालक गाडी विकत नाही, यात मला काही चूक दिसत नाही. गाडी त्याची, मर्जी त्याची. दादर-माटुंग्याच्या जुन्या बिल्डिंगांच्या आवारात, पुण्याच्या पेठांमधल्या वाड्यांच्या मागच्या अंगाला, सांगली-कोल्हापूरकडे बंगल्यांच्या पोर्चमध्ये चारही टायर बसलेल्या प्रीमियर पद्मिनी अजून उभ्या आहेत. विचारलं की उत्तर ठरलेलं: "द्यायची नाहीये." त्याला जोडून आणखी एक वाक्य येतं: "एकदा करून घ्यायची आहे." माझं म्हणणं या दुसऱ्या वाक्याबद्दल आहे. ते 'एकदा' उजाडेल तेव्हा गाडीत करून घेण्यासारखं काही शिल्लक असायला हवं. आणि ते शिल्लक ठेवणं अवघडही नाही आणि फार खर्चाचंही नाही.

ही गाडी विकवत का नाही, हे समजून घेतल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून 1964 मध्ये फियाट 1100 डिलाइट निघाली, 1974 पासून तीच गाडी पद्मिनी झाली आणि थोड्याफार फेरफारांनी 2000 च्या आसपासपर्यंत बनत राहिली. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली. त्याआधी गाडी घ्यायची म्हणजे पैसे भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं थांबायचं. वडिलांनी अशी वाट पाहून घेतलेली, घरातलं पहिलं लग्न, पहिलं बाळंतपण, पहिली महाबळेश्वरची सहल पाहिलेली गाडी किलोच्या भावाने मागणारा माणूस दारात आला की मालक कायमचा कडवट होतो. बऱ्याच ठाम नकारांच्या मुळाशी कुठल्या तरी भंगारवाल्याचा तो पहिला शब्द असतो.

न विकता गाडी नीट ठेवता येते, याचं सगळ्यात मोठं उदाहरण याच घराण्यातलं आहे. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना त्यांनी 1964 मध्ये फियाट घेतली, 12,000 रुपयांना. त्यातले 5,000 पंजाब नॅशनल बँकेचं कर्ज होतं आणि शास्त्रीजी गेल्यावर ललिताजींनी ते आपल्या पेन्शनमधून फेडलं. ती गाडी आज दिल्लीत त्यांच्या स्मारकात उभी आहे. उभीच आहे, पण छपराखाली, स्वच्छ आणि जपलेली.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. मुंबईत टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदली गेली होती, त्यामुळे ऑक्टोबर 2023 अखेर काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. टॅक्सी होत्या तोवर सुटे भाग बनत होते, मोडीतल्या गाड्यांमधून सेकंडहँड माल निघत होता, आणि डोळे मिटून इंजिनच्या ठिणगीचे पॉइंट सेट करणारे मिस्त्री कामात होते. आता माल शोधावा लागतो. मुंबईत ऑपेरा हाऊसकडची दुकानं आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ आणि जुना बाजार इथे अजून काही मिळतं. पण दरवाजाच्या काचेची पट्टी, टेल लॅम्पची काच, डॅशबोर्डचं मीटर अशा वस्तू दरवर्षी कमी होताहेत. म्हणजे उभ्या गाडीला जितका उशीर कराल तितकं काम महाग होत जाणार.

आता उभ्या गाडीत आत काय चाललेलं असतं ते पाहू.

सगळ्यात आधी ब्रेक जातात. या गाडीला चारही चाकांना हायड्रॉलिक ड्रम ब्रेक आहेत. ब्रेक ऑइलचा स्वभावच हवेतलं पाणी ओढून घेण्याचा. गाडी उभी राहिली की ते पाणी व्हील सिलिंडरच्या तळाशी बसतं, तिथे गंज धरतो आणि पिस्टन अडकतो. ड्रम काढून व्हील सिलिंडरचा रबरी बूट बोटाने बाजूला सारा. आत चॉकलेटी, चिकट गाळ दिसला तर सिलिंडर संपला असं नाही. पिस्टन बाहेर काढा, सिलिंडर ब्रेक ऑइलने किंवा स्पिरिटने पुसा आणि बोरवरून, म्हणजे आतल्या गोल भिंतीवरून, नख फिरवा. नख कुठेच अडलं नाही तर हलकं होनिंग करून, म्हणजे आतून घासून गुळगुळीत करून, नवीन रबर किट टाकता येतं. नख खड्ड्यात अडलं तर नवा सिलिंडर घ्या किंवा खराद करणाऱ्याकडून स्लीव्ह बसवून घ्या. खड्ड्यांवर नवं रबर टाकलं तर ते महिन्याभरात कापलं जातं. मास्टर सिलिंडरचंही तसंच. रबरी होज मात्र न बघता बदला. बाहेरून चांगला दिसणारा जुना होज आतून फुगतो. पेडल दाबलं की ऑइल पुढे जातं, सोडलं तर परत येत नाही, आणि चाक धरलेलंच राहतं. हँडब्रेक ओढून ठेवलेली गाडी असेल तर मागचे ब्रेक शू ड्रमला गंजाने चिकटलेले असतात. ड्रमच्या कडेवर चारी बाजूंनी लाकडी हातोडीने ठोकत सोडवावे लागतात. ओढगाडी लावून हिसका दिला की लायनिंग शूवरून उखडून येतं.

दुसरं पेट्रोल. हलका भाग उडून जातो आणि राहतो तो वार्निशसारखा उग्र वासाचा राळेचा थर. टाकीचं झाकण उघडल्याबरोबर हा वास आला तर त्या टाकीतलं पेट्रोल इंजिनाला दाखवूही नका. अलीकडच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. तेही पाणी ओढतं, पाणी तळाशी बसतं आणि पत्र्याची टाकी आतून गंजते. या गाड्यांचे जुने पेट्रोल पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम इथेनॉलसाठी बनलेलेच नाहीत. ते मऊ होतात, मग फाटतात. मेकॅनिकल पंपाचा डायफ्रॅम फाटला की पेट्रोल गळून थेट इंजिनच्या चेंबरमध्ये, म्हणजे तळाच्या ऑइलच्या भांड्यात, उतरतं, ऑइल पातळ होतं आणि बेअरिंग जातात. म्हणून डिपस्टिक काढून आधी वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर ऑइल आणि पंप दोन्हीचं काम निघालं.

तिसरं इंजिन. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं हे इंजिन अगदी साधं आहे आणि तीच त्याची ताकद. पण चारपैकी कुठल्या ना कुठल्या सिलिंडरचा एखादा व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असतोच. तिथून पावसाळी हवा आत जाते, बोरवर गंज धरतो आणि पिस्टनच्या रिंगा चिकटतात. याला मिस्त्री 'जाम' म्हणतात. जाम इंजिन बहुतेक वेळा सुटतं. फुटतं ते घाईमुळे.

त्यामुळे वीस वर्षं उभ्या असलेल्या गाडीला नवी बॅटरी लावून सेल्फ मारू नका. चौथ्या गिअरमध्ये टाकून चार माणसांनी ढकलूही नका. रिंग तुटते, किंवा अडकलेल्या व्हॉल्व्हमुळे पुशरॉड वाकतो. चारही प्लग काढा. प्रत्येक भोकातून साधारण 30 मिली मिश्रण घाला: निम्मं एटीएफ, म्हणजे पॉवर स्टिअरिंगमध्ये घालतात ते लाल तेल, आणि निम्मं अ‍ॅसिटोन. अ‍ॅसिटोन भडकतं, तेव्हा जवळ ना बिडी ना दिवा. ते नको असेल तर रॉकेल आणि इंजिन ऑइल निम्मंनिम्मं चालेल, वेळ जास्त लागतो इतकंच. चार-पाच दिवस रोज पाहायचं आणि उतरलं असेल तेवढं पुन्हा भरायचं. मग हँडलची सोय असेल तर हँडलने, नाहीतर क्रँक पुलीच्या नटावर पाना लावून हळूच पुढे, हळूच मागे करायचं. जोर लावायचा नाही. एक सुतभर हललं तरी पुरे, दुसऱ्या दिवशी दोन हलेल.

इंजिन फिरायला लागलं की रॉकर कव्हर, म्हणजे व्हॉल्व्हवरचं झाकण, उघडा. रॉकरवर चांगलं वाटीभर ऑइल ओता आणि एकजण इंजिन फिरवत असताना दुसऱ्याने आठही व्हॉल्व्ह बघायचे. प्रत्येक व्हॉल्व्ह खाली जाऊन स्प्रिंगने वर आला पाहिजे. एखादा खालीच राहिला तर तिथे थांबा, त्याच्या खोडावर तेच मिश्रण सोडा, लाकडाने हलकं ठोका. हे न बघता इंजिन सुरू करण्याने जितकी नुकसानी झाली आहे तितकी गंजाने झाली नसेल.

नंतर चेंबरचा बोल्ट काढा. आधी पाणी पडेल, मग काळं ऑइल. नवीन 20डब्ल्यू-40 किंवा 20डब्ल्यू-50 ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत भरा. प्लग बाहेरच ठेवून, भोकांवर फडकं टाकून, दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. ऑइल वरपर्यंत पोचल्याची ती खूण. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटवर पांढरट थर बसलेला असतो. बारीक पॉलिश पेपरने पुसा, गॅप अर्ध्या मिलिमीटरच्या किंचित आत ठेवा, कंडेन्सर नवाच टाका. प्लगचा गॅप 0.6 मिमी. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम, 1-3-4-2. कार्बोरेटर उघडून जेट हवेने साफ करा. तार घालू नका, भोक मोठं होतं आणि मग गाडी कायम जास्त पेट्रोल पिते.

पेट्रोल टाकीतून घ्यायचंच नाही. एक लिटरच्या डब्यातून वेगळा नवा पाइप पंपाला जोडा. रेडिएटर भरा, अग्निशामक बाटली हाताशी ठेवा आणि मगच स्टार्टर दाबा. पहिल्या वीस मिनिटांत पाणी कुठून झिरपतं ते बघत राहा. ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं असल्यामुळे वर्षानुवर्षं नुसतं नळाचं पाणी घातलेल्या गाडीत हेडच्या पाण्याच्या वाटा खाल्लेल्या असतात आणि हेडचे स्टड धरून बसलेले असतात. हेड काढायची वेळ आलीच तर स्टड तापवून, तेल सोडून, दोन दिवस देऊन काढणारा मिस्त्री शोधा. पहारीने हेड उचकटणाऱ्याला हात लावू देऊ नका. अ‍ॅल्युमिनियमचा पृष्ठभाग एकदा चेपला की गॅस्केट धरत नाही.

इंजिनचं एवढं सांगितलं, पण खरं सांगायचं तर पद्मिनी इंजिनाने मरत नाही, पत्र्याने मरते. या गाडीला वेगळी चेसिस नाही. तळ, दाराखालची पट्टी, मडगार्डचा आतला भाग मिळूनच सांगाडा होतो. तो कुजला की गाडी मधून बसते. तपासायला सोपी युक्ती आहे. दार बंद करून त्याच्या फटी बघा, मग दाराखालच्या पट्टीजवळ जॅक लावून एक बाजू थोडी उचला आणि पुन्हा फट बघा. फट बदलली किंवा दार उघडताना अडलं, तर खालचा पत्रा भार घेत नाहीये. फ्रिजवरचं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून मडगार्डवर आणि दाराच्या खालच्या कडेला फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे.

पत्रा कुजतो तो बहुतेक वेळा पावसाने नाही, तर कव्हरने. निळं प्लास्टिक किंवा ताडपत्री अंगाला चिकटवून बांधली की आतली वाफ बाहेर जात नाही, रोज सकाळी पत्र्याला घाम फुटतो. मुंबईत आणि कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर त्या घामात मीठही असतं. छप्पर असेल तर सुती कव्हर घाला. छप्पर नसेल तर बांबूवर ताडपत्री उंच ताणा, गाडीला टेकू देऊ नका. बॉनेट आणि काचेच्या मधल्या जाळीत पिंपळाची, चिंचेची पानं कुजून भरतात आणि इंजिन आणि बसायची जागा यांमधला पत्र्याचा पडदा तिथून गळतो. ती हाताने काढा. दारांच्या तळाला पाणी जायची भोकं असतात, तार घालून मोकळी करा. जमीन मातीची असेल तर खाली जाड प्लास्टिक अंथरा. इथे मात्र प्लास्टिकच हवं, कारण ओल खालून वर येते.

गाडी कागदपत्रांअभावी रस्त्यावर नेता येत नसेल आणि उभीच ठेवायची असेल, तर एवढं सांभाळा. हँडब्रेक सोडून चाकाला लाकडी गुटका लावा. घोड्या, म्हणजे जॅकस्टँड, सस्पेन्शनखाली ठेवा. विटा तळाच्या पत्र्याखाली रचू नका, पत्रा दबतो. बॅटरी काढून घरात ठेवा, महिन्यातून एकदा चार्ज करा. टाकी रिकामी करा, कार्बोरेटरची वाटीसुद्धा. काचा बोटभर उघड्या ठेवा. सायलेन्सरच्या तोंडात जाळी बसवा, उंदीर तिथून आणि एअर फिल्टरमधून शिरतात आणि वायरिंग कुरतडतात. दर दोन महिन्यांनी प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल आणि हाताने दोन-तीन फेरे. त्याच वेळी ब्रेक पेडल वीस वेळा दाबा, क्लच दाबा, म्हणजे क्लचप्लेट फ्लायव्हीलला चिकटणार नाही. अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि जर गाडी चालू असेल तर रविवारी पाच मिनिटं जागेवर सुरू करून बंद करण्याची सवय मोडा. इंजिन नीट तापत नाही, चेंबरमध्ये आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठतं, आणि फायद्याऐवजी तोटा होतो. पंधरा दिवसांतून एकदा दहा किलोमीटर चालवा, नाहीतर महिनाभर हातच लावू नका.

कागदांकडे वळतो, कारण चांगली गाडी कागदांपायी भंगारात जाताना दिसते तेव्हा जास्त वाईट वाटतं. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी फॉर्म 25 भरून नूतनीकरण. मोटारकारला उशिराचे महिन्याला 500 रुपये लागतात, आणि ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांवरच्या गाडीची नूतनीकरण फी 10,000 रुपये झाली आहे, जीएसटी वेगळा. वर पर्यावरण कर आणि विमा. एमआर, एमएमने सुरू होणाऱ्या जुन्या नंबरांच्या गाड्यांची नोंद बऱ्याचदा हस्तलिखित रजिस्टरमध्येच असते. ती संगणकावर चढवायला आरटीओत बॅकलॉग एन्ट्रीचा अर्ज करावा लागतो. मूळ आरसी बुक हरवलं असेल तर हे सगळं दुप्पट अवघड होतं. ते बुक आजच शोधा.

बुकावर बँकेचा बोजा आहे का पाहा. कर्ज फिटलं तरी शेरा तसाच राहिलेला असतो आणि बँकच उरलेली नसते. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक 2006 मध्ये आयडीबीआयमध्ये गेली, देना बँक 2019 मध्ये बँक ऑफ बडोदात. ज्या बँकेत ती विलीन झाली तिच्याकडून ना हरकत आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 घ्यावा लागतो.

वडील गेले असतील आणि गाडी त्यांच्याच नावावर असेल, तर वारसाने मृत्यूनंतर 30 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून गाडी नावावर करायची, असा नियम आहे. तो कोणी पाळत नाही. मग काय होतं? आज तीन भावंडांच्या संमतीवर भागतं ते दहा वर्षांनी सात-आठ सह्यांवर जातं. एक सही नागपूरला, एक न्यू जर्सीत, आणि परदेशातलं प्रतिज्ञापत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून आणायचं. अनेक घरांत "आम्हाला विकायचीच नाही" याचा खरा अर्थ "आमच्यात एकमत नाही" असा असतो. एकमत नसलं तरी गाडी एकाच्या नावावर करून घ्या आणि विकली तर पैसे कसे वाटायचे ते आपसात लिहून ठेवा. गाडीच्या अंगावर भांडण काढू नका.

50 वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांसाठी 2021 पासून विंटेज नोंदणीची वेगळी सोय आहे. नवीन नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, पुढचं नूतनीकरण 5,000. पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून मोजतात, म्हणजे डिलाइट तर यात बसतातच, सुरुवातीच्या पद्मिनीही बसू लागल्या आहेत. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी आणि रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच. म्हणून डेंटरला गाडी देताना बॉनेटखालची पाटी आणि कोरलेला चेसिस नंबर याला घासकागद लागू देऊ नका. आधी त्यावर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्या, फोटो काढा. तो नंबर गेला तर कुठलीच नोंदणी होत नाही.

घेणाऱ्यांनाही दोन शब्द. दारावरची बेल वाजवून "कितीला देणार?" हा पहिला प्रश्न नसावा. गाडी कुठल्या सालची, कोणी घेतली, शेवटी कधी चालली, हे विचारा, आणि ऐका. आपलं नाव आणि नंबर कागदावर देऊन या, "विकायचं ठरलं तर आधी मला सांगा" एवढंच म्हणा. दलालाला पाठवू नका. आणि मालकाने कितीही प्रेमाने "तुम्ही करून घ्या, मग बघू" म्हटलं तरी दुसऱ्याच्या नावावरच्या गाडीत स्वतःचा पैसा घालू नका.

मालकाने किंमत ठरवताना प्रदर्शनातली चकचकीत पद्मिनी डोळ्यासमोर ठेवू नये. पत्रा, इंजिन, गाद्या, क्रोम आणि वायरिंग नीट करायला लागणारा खर्च बहुतेक वेळा तयार गाडीच्या किमतीच्या वर जातो. घेणारा तो तोटा आनंदाने सोसतो, पण तुमच्या अपेक्षेसकट नाही. माळ्यावर ठेवलेल्या चाकांच्या चकत्या, हॉर्नची रिंग, मूळ जॅक, हँडल, टूलकिट, जुनी बिलं हे सगळं गाडीबरोबर द्या. पत्र्यापेक्षा याला शोध जास्त आहे. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सही करताना तारीख आणि खरेदीदाराचं नाव कोरं सोडू नका, आणि नावावर झाल्याची प्रत हातात पडेपर्यंत विमा चालू ठेवा.